रूथचा पाचवा अध्याय

मिस्त्रीचा राग लिफ्टसारखा मजल्यामजल्यानं वर चढत नसे. तो कायम वरच्याच मजल्यावर उभा असायचा, दार उघडं ठेवून. त्या शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत त्यानं नऊ कार्डं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. आठ बघितली, मान हलवली. नववं बघितलं आणि त्याच्या कपाळावरची शीर टरारून फुगली.

"सत्तेचाळिसावा दिवस," तो म्हणाला. "रिकामा."

नववं कार्ड त्याच्या पोटच्या पोरीचं होतं. सतरा वर्षांची, अंगानं काडी आणि जिभेनं टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. ती बाकी आठ पोरांसोबत बाकाच्या टोकाला बसली होती, मांडीवर आईचं जुनं बायबल घेऊन. ती उठून उभी राहिली.

"पप्पा, त्या दिवशी ना..."

"कारण नको!" मिस्त्रीनं टेबलावर असा हात आपटला की कार्डं उडाली. "पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं मी? वाचलं तर टिक. नाही वाचलं तर रिकामं. मधलं काही नाही. सबबी सांगायला वकील व्हा, इथे येऊ नका."

"पप्पा, पण ऐका तरी..."

"एक अक्षर नको!"

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगायला हवं. मिस्त्री लिफ्टची देखभाल करायचा. शहरातल्या एकतीस इमारतींच्या गच्चीवरच्या मशीन रूमच्या किल्ल्या त्याच्या कमरेला लटकत. प्रत्येक मशीन रूमच्या दाराआड खिळ्याला एक जाड कार्ड टांगलेलं असतं. तारीख, भाग, टिक, सही, शेरा. ब्रेक बघितला, टिक. तारेचा दोर बघितला, टिक. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या जोडीदारानं एका इमारतीचं कार्ड अकरा महिने न बघताच भरलं. दर महिन्याला सगळं ठीकच असतं की, म्हणून. बाराव्या महिन्यात ब्रेकनं दगा दिला आणि एका पोस्टमनचा पाय घोट्यापासून गेला. मिस्त्री तेव्हा पहिल्यांदा ते कार्ड हातात घेऊन उभा राहिला होता. अकरा टिका, एकाच शाईच्या, एकाच तिरकेपणाच्या, जुळ्या बहिणींसारख्या. तेव्हापासून खोटी टिक म्हटलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याची बायको चर्चचा तरुण संघ चालवायची. पोरांना ती रोज बायबल वाचायला कशी लावायची, हे मिस्त्रीला कधी कळलंच नाही. ना तक्ता, ना शिक्षा. "काल वाचलंस त्यात तुला कोणाचा राग आला?" एवढंच ती विचारायची आणि पोरं तासभर भांडत बसायची. चर्चच्या वर्धापनदिनाच्या उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायचा मान अकरा वर्षं तिचा होता. चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. त्या वर्षी शास्त्रपाठ चर्चच्या पाळकांनी स्वतःच कसाबसा उरकला, आणि टाचणीनं घरी आल्यावर ताटावरून उठून सांगितलं, "पुढच्या वर्षी मी वाचणार. आईच्या पुस्तकातून." वर्षभर तिनं दुसरं काही मागितलं नाही. नवे कपडे नाहीत, फोन नाही.

पाळकांनी तरुण संघ मिस्त्रीच्या गळ्यात घातला. आता त्याला पोरांशी बोलता येईना. बायकोसारखा प्रश्न विचारायला गेला की तो उलटतपासणीसारखा निघायचा. मग त्याला जे येत होतं ते त्यानं केलं: कार्डं बनवली. नव्वद दिवस, नव्वद अध्यायांची यादी. आठ पोरं, नववी टाचणी, एक कार्ड स्वतःसाठी, एक पाळकांनी हौसेनं मागून घेतलं. हुबेहूब लिफ्टचंच कार्ड, फक्त शेवटचा रकाना त्यानं मुद्दाम उडवला. शेऱ्याचा. शेरा म्हणजे सबबींना दिलेलं घर, असं त्याचं मत. आणि नियम: ज्याचं कार्ड अखंड भरलेलं, तोच शास्त्रपाठाला उभा राहणार.

तर त्या शनिवारी पाळक मध्ये पडले. मऊ माणूस. "मिस्त्री, असू द्या हो. नव्वदांत एक दिवस! आणि पोरीनं वर्षभर..."

"एक दिवस?" मिस्त्री त्यांच्यावर उलटला. "एका न बघितलेल्या ब्रेकपायी माणूस आयुष्यभर लंगडतोय, साहेब. या आठांनी भरलीच ना कार्डं? माझ्या पोरीला सूट दिली तर उद्या म्हणाल, घरचीच होती, म्हणून सुटली."

असं कोणी म्हणणार नव्हतं. पण मिस्त्रीला आपल्या न्यायाची एवढी भूल पडली होती की जिचा न्याय करायचा, तिच्या तोंडाकडे त्यानं बघितलंच नाही. त्यानं टाचणीच्या कार्डावर तांबड्या पेनानं आडवी रेघ मारली. मग ढोलकडे बोट केलं. ढोल म्हणजे वीस वर्षांचा आडदांड पोरगा, बोलला की भिंती घुमत. "उद्या शास्त्रपाठ तू वाचायचास."

"मी?" ढोल म्हणाला. एरवी घुमणारा आवाज या वेळी उंदराएवढा निघाला. तो टाचणीकडे बघेना.

टाचणी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं बायबल छातीशी धरलं, बापाकडे असं बघितलं की त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर तिथेच विरघळला असता, आणि निघून गेली. दार तिनं आपटलंसुद्धा नाही.

घरी रात्रीचं जेवण दोघांनी पाठमोरं केलं. भांडी मात्र बोलत होती. टाचणी घासत होती आणि एकेक ताट जाळीत असं टाकत होती की शेजारचे भिंतीवर ठोकतील. मिस्त्री मनाशी म्हणाला, आदळ, आदळ. चूक करायची आणि वर तोरा. आईनं लाडावून ठेवलीय.

पण सकाळी, उपासनेला दोन तास असताना, तो अस्वस्थ उठला. पोरगी अजून झोपली होती. चूक तिचीच, याबद्दल त्याला शंका नव्हती, पण त्याला पुरावा हवा होता. असा पुरावा की तिच्यासमोर ठेवला की ती डोळे खाली घालेल. तो पुरावा कुठे सापडेल हे त्याला माहीत होतं. त्याच्या बायकोची सवय होती: अध्याय वाचून झाला की खाली पेन्सिलीनं बारीक तारीख टाकायची. पोरीनंही ती उचलली होती. सत्तेचाळिसाव्या दिवसाची तारीख पुस्तकात नसणार. बस, तेच पान उघडून तिच्या पुढ्यात ठेवायचं.

पुस्तक कपाटावर होतं. खाली काढताना त्याचा हात थबकला. चौदा महिन्यांत त्यानं त्याला हात लावला नव्हता. कव्हरला अजून तिच्या हातांच्या तेलाचा डाग होता. गिळून टाकायच्या गोष्टी गिळून तो टेबलाशी बसला आणि यादीप्रमाणे पान काढलं. रूथचं पुस्तक.

पहिला अध्याय. खाली बायकोच्या तारखा, वर्षावर वर्षं, एकाखाली एक. सगळ्यांत खाली पोरीच्या अक्षरात एक ताजी तारीख: त्रेचाळिसावा दिवस. दुसरा अध्याय, चव्वेचाळिसावा. तिसरा, पंचेचाळिसावा. चौथा, सेहेचाळिसावा. मिस्त्रीनं पान उलटलं.

पुढे शमुवेलाचं पुस्तक सुरू होत होतं.

त्यानं पान परत मागे घेतलं. पुन्हा पुढे. दोन पानं चिकटली असतील म्हणून अंगठ्याला थुंकी लावून सोडवून बघितली. पान फाटलंय का म्हणून शिवणीत बोट घातलं. शेवटी तर पुस्तक पाठीला धरून झटकलं, जणू पाचवा अध्याय स्क्रूसारखा टपकन खाली पडणार होता. रूथला चार अध्याय होते. चारच होते. मिस्त्रीच्या आधीपासून चार होते आणि नंतरही चारच राहणार होते.

मग त्याला चौथ्या अध्यायाखाली, सेहेचाळिसाव्याच्या खालीच, दुसरी तारीख दिसली. सत्तेचाळिसावा. पुढे मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: "पाचवा नाहीच. पप्पांना विचारलं. चौथाच परत वाचला."

पप्पांना विचारलं.

विचारलं होतं. आता त्याला लख्ख आठवलं. सकाळ होती, तो दाराशी एक पाय बुटात घालून उभा होता. एका इमारतीत दोघं लिफ्टमध्ये अडकली होती आणि फोन कोकलत होता. पोरगी पुस्तक घेऊन आली होती. "पप्पा, रूथचं जरा..." आणि तो खेकसला होता, "वाचलंस तर टिक कर, नाही वाचलंस तर रिकामं ठेव. माझं डोकं खाऊ नकोस." ती तशीच उभी राहिली होती. आणि त्यानं बुटाची नाडी बांधता बांधता दाराआडच्या खिळ्यावरचं स्वतःचं कार्ड ओढलं होतं आणि टिक केली होती.

ते कार्ड अजून तिथेच होतं. त्यानं ते काढलं, खिडकीशी नेलं. सत्तेचाळीस: टिक. शेजारी ऐटदार सही. मग त्याची नजर वर आणि खाली गेली. साधारण विसाव्या दिवसापासून सगळ्या टिका एकाच शाईच्या होत्या. एकाच तिरकेपणाच्या.

त्यानं वाचणं सोडून दिलं होतं. कधी, हे त्याचं त्यालाही आठवेना. उद्या भरून काढू म्हणता म्हणता सुटलं होतं. पुस्तक उघडलं की बायकोच्या तारखा दिसतील या धास्तीनं त्यानं यादीसुद्धा पुस्तक न उघडता, मशीन रूममध्ये बसून, आठवणीतून बनवली होती. रूथ, एक ते पाच. आणि त्या पाचावर त्यानं स्वतः टिक केली होती. आठही पोरांनी केली होती. ती आठ कार्डं त्यानं काल आपल्या दोन डोळ्यांनी बघून पास केली होती. दहा जणांत एकच माणूस खरा निघाला आणि त्यानं त्याच्यावरच तांबडी रेघ मारली होती.

त्याला इतका राग आला की कोणावर काढावा ते कळेना. घरात तो एकटाच जागा होता. त्यानं कार्ड खिशात कोंबलं आणि पुस्तक होतं तिथे ठेवलं. पोरीच्या खोलीचं दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. काल सगळ्यांसमोर केलं ते आज बंद दाराआड निस्तरणं, तेही लबाडीचंच झालं असतं.

उपासनेला चर्च भरलेलं होतं. वरचे पंखे घरघरत होते. टाचणी शेवटच्या बाकावर, पुस्तक मांडीवर, तोंड दगडाचं. शास्त्रपाठाची वेळ झाली आणि ढोल फाशीला निघाल्यासारखा उठला, तेवढ्यात मिस्त्री मधल्या वाटेनं चालत व्यासपीठापाशी गेला.

"बस खाली," तो ढोलला म्हणाला, आणि मंडळीकडे वळला. "दोन मिनिटं. तरुण संघ, रूथचा पाचवा अध्याय ज्यांनी ज्यांनी वाचला त्यांनी हात वर करा."

आठ पोरांनी एकमेकांकडे बघितलं. कार्डावर टिक तर होती. एक हात वर आला, मग दुसरा, मग आठही. पाळकांनीही कौतुकानं हसत आपला हात वर केला, मुलांना हुरूप यावा म्हणून.

"माझाही वर आहे," मिस्त्री हात उंच धरून म्हणाला. "नीट बघून घ्या. दहा हात. आता ऐका. रूथला अध्याय चारच आहेत."

 मग सगळीकडून पानांची सळसळ उठली. तीन महिन्यांत उघडली नसतील एवढी बायबलं त्या एका मिनिटात उघडली गेली. पाळकांचा हात हळूहळू खाली आला आणि डोक्यावरून फिरला, जणू केस सारखे करायलाच वर गेला होता. पहिल्या बाकावरची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "चारच! मला कोणी विचारलंच नाही." कोणीतरी हसलं.

"हसू नका!" मिस्त्री गरजला. "यात हसण्यासारखं काय आहे? यादी मी केली, पुस्तक न उघडता केली. वाचलं नाही आणि टिक केली. एकदा नाही, सत्तर वेळा. पोरांना काय बोलू? जसा मिस्त्री तशी लिफ्ट. माझ्या जोडीदाराला मी नऊ वर्षं शिव्या घालतोय, आणि हे बघा, हे माझं कार्ड." त्यानं खिशातून ते काढलं, चुरगळलेलं.  "त्याच्यात आणि माझ्यात काडीचा फरक नाही. एकीनंच फक्त पुस्तक उघडून बघितलं. तिला काल मी तोंड उघडू दिलं नाही." तो शेवटच्या बाकाकडे वळला. "टाचणी, ये. शास्त्रपाठ तुझा आहे."

टाचणी उठली नाही.

सगळ्या माना मागे वळल्या. "काल कारण नको म्हणालात," ती जागेवरूनच म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण व्यासपीठापर्यंत पोचला. "आज हवंय?"

"हवंय."

"मग सगळ्यांसमोर विचारा. काल सगळ्यांसमोर काढलंत ना मला?"

कोणीतरी चुकचुकलं, पोर फारच करते म्हणून. मिस्त्रीनं त्या दिशेला हात केला, गप्प. मग त्यानं विचारलं, "सत्तेचाळिसाव्या दिवशी रकाना रिकामा का ठेवलास?"

"तुम्हीच म्हणालात म्हणून. नाही वाचलं तर रिकामं ठेव. नसलेला अध्याय कुठून वाचू? कार्डावर लिहिणार होते, तर शेऱ्याला जागा नव्हती. तुम्हाला सांगायला आले होते." तिचा आवाज इथे पहिल्यांदा फाटला. "आईला विचारलं असतं तर तिनं पुस्तक उघडलं असतं. तुम्ही बूट घातलेत."

 "हो," तो म्हणाला. "बूट घातले."

तेव्हा ती उठली. मधल्या वाटेनं पुढे आली. व्यासपीठावर चढून पुस्तक उघडलं, तर पंख्याच्या वाऱ्यानं पानं फडफडायला लागली. तिनं बापाकडे बघितलं. माफीचं काही नव्हतं त्या नजरेत.

"जाऊ नका. पान धरा," ती म्हणाली.

त्यानं दोन्ही हातांनी पान धरलं. काळं तेल मुरलेली त्याची बोटं बायकोच्या पेन्सिलीच्या तारखांशेजारी टेकली.

"शास्त्रपाठ," टाचणीनं मंडळीला सांगितलं. "रूथ, अध्याय चौथा. शेवटचा."

ती वाचत गेली. आईसारखी नव्हे, तिच्या स्वतःच्याच आवाजात, रागाचा कढ अजून पुरता खाली बसलेला नसताना, प्रत्येक शब्द वाजवून घेत. मिस्त्री शेजारी उभा होता आणि तिच्या आवाजामागून डोळ्यांनी ओळी धरायचा प्रयत्न करत होता. नवरे गेलेल्या दोन बायका, एक परकी, पदरात काही नाही, आणि तरी एकीनं दुसरीला सोडलं नाही. ही गोष्ट त्याच्या घरात चौदा महिने कपाटावर पडून होती. मध्येच त्याला ओळी दिसेनाशा झाल्या. पण त्यानं पान सोडलं नाही.

वाचन संपलं. मंडळी "आमेन" म्हणाली. टाचणीनं केसांत खोचलेली पेन्सिल काढली, अध्यायाखाली, सत्तेचाळिसाव्याच्या खाली, आजची तारीख टाकली. मिस्त्रीनं पेन्सिलीसाठी हात पुढे केला.

तिनं पेन्सिल परत केसांत खोचली.

"तुम्ही नुसतं ऐकलंत, पप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, फक्त त्याला ऐकू जाईल अशी. "उद्या साडेपाचला उठा. पहिल्या अध्यायापासून वाचा. वाचून झालं की मी विचारणार, कोणाचा राग आला. मग तारीख."